कमरेतला ‘कट्’ आवाज नेमका कशाचा?

लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर हल्ली एक ठरावीक व्हिडिओ हमखास दिसतो. टेबलावर झोपलेला माणूस, त्याच्या पाठीवर हात रोवून उभा असलेला कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणारा), एक झटका आणि माइकने टिपलेला खणखणीत ‘कटकट’ आवाज. रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू उमटतं आणि बघणाऱ्यांची खात्री पटते की सरकलेला मणका जागेवर बसला. या उपचाराने काहींना बरं वाटतं हे खरं आहे, पण मणका जागेवर बसला हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्या चुकीच्या समजुतीपायी लोक नको त्या गोष्टीवर पैसे घालवतात, क्वचित जिवावरचा धोकाही पत्करतात, म्हणून हा लेख. शिवाय तो आवाज तयार कसा होतो, हा मला भौतिकशास्त्रातला एक अतिशय देखणा प्रश्न वाटतो.

आधी दुखण्याबद्दल. २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. विरारहून चर्चगेटपर्यंत लटकत येणारा नोकरदार असो, मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कामगार असो की खड्ड्यांतून दिवसभर रिक्षा चालवणारा असो, कंबर कोणालाच सोडत नाही. यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांच्या दुखण्यामागे बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच इजा सापडत नाही. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमागचे छोटे सांधे, दोन मणक्यांमधल्या गादीची (डिस्कची) बाहेरची कड यांपैकी काहीतरी कुरकुरत असतं आणि अपुरी झोप, मनावरचा ताण, हालचालीची भीती त्यात भर घालतात.

हे उत्तर रुग्णाला पटत नाही. मग एमआरआय होतो, रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ असं काहीतरी येतं आणि घरात सगळे धास्तावतात. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांमध्ये फुगलेली गादी सापडली होती. दुखत काहीच नव्हतं! गादी दोन्ही मणक्यांना तंतूंनी घट्ट जोडलेली असते, ती सरकून बाजूला जात नाही. तिची कड फाटून आतला मऊ गर बाहेर येऊ शकतो, नसेवर दाब पडला तर पायात कळ जाते. पण तो बाहेर आलेला गरसुद्धा बऱ्याच रुग्णांमध्ये शरीर काही महिन्यांत शोषून टाकतं.

आता आवाजाकडे वळू. प्रत्येक दोन मणक्यांमागे, डाव्या-उजव्या बाजूला, फॅसेट सांध्यांची एक जोडी असते. बोटांच्या पेरांसारखेच हे सांधे: गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी आणि पिशवीत जेमतेम काही थेंब वंगणद्रव. त्या द्रवात वायू विरघळलेले असतात, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ओल्या ओट्यावर ठेवलेलं सपाट बुडाचं ताट सरळ वर उचलायला गेलं की ते आधी घट्ट धरून ठेवतं आणि मग एकदम सुटतं; सांध्यात घडतं ते याच जातीचं. दोन पृष्ठभाग झटक्यात दूर ओढले की मधली जागा वाढते आणि ती भरायला द्रवाला कडेकडून आत धावावं लागतं. पण फट अतिशय अरुंद. फट निम्मी केली तर द्रव आत येण्याला होणारा विरोध दुप्पट होत नाही, आठपट होतो, कारण तो फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ओढ सावकाश असेल तर द्रवाला सवड मिळते, काहीच घडत नाही. ओढ वेगाने आली तर मधल्या द्रवाचा दाब कोसळतो, एका क्षणी पृष्ठभाग तटकन विलग होतात आणि द्रवात वायूची एक पोकळी जन्माला येते. या क्रियेला ट्रायबोन्युक्लिएशन म्हणतात.

हे कळायला फार वर्षं लागली. १९४७ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या रॉस्टन आणि व्हीलर हेन्स यांनी बोटं ओढून एक्स-रे काढले आणि सांध्यात पोकळी तयार होताना आवाज येतो असं मांडलं. १९७१ साली अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी उलट सांगितलं: आवाज बुडबुडा फुटण्याचा आहे. पुढची चाळीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग कॉचुक यांच्या गटाने एका व्यक्तीचं बोट एमआरआय यंत्रात दोरीने ओढ वाढवत नेत सांधा ‘कट्’ वाजतानाची चित्रफीतच घेतली. ‘कट्’ झालं त्याच चौकटीत काळी पोकळी उमटली आणि आवाजानंतरही ती तशीच टिकून होती. सगळा प्रकार ३१० मिलिसेकंदांच्या आत. बुडबुडा फुटून नाहीसा झाला असता तर ती दिसायलाच नको होती. वाद तिथे मिटला नाही. २०१८ साली चंद्रन सुजा आणि बराकात यांनी गणिती प्रारूप मांडलं: पोकळी पूर्ण फुटायची गरज नाही, अर्धवट आकसली तरी एवढा मोठा आवाज निघू शकतो, आणि मग उरलेली पोकळी एमआरआयमध्ये दिसतेच. मला हा युक्तिवाद पटतो.

एक मात्र घरबसल्या तपासता येतं. बोट एकदा मोडलं की तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही. सुमारे वीस मिनिटं थांबावं लागतं, तोवर वायू द्रवात परत विरघळतो. हाड जागेवर बसण्याचा हा आवाज असता तर वीस मिनिटांनी ते पुन्हा निसटलं असं म्हणावं लागेल. बोटं मोडल्याने संधिवात होतो ही भीतीही सोडा. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरने पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि दोन्ही हातांत काही फरक आढळला नाही, असं १९९८ साली लिहिलं.

पाठीत हेच फॅसेट सांध्यांत होतं. रुग्णाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवून टेबलाबाहेर आणतात, एका हाताने खांदा मागे धरून दुसऱ्या हाताने कंबर पुढे वळवत सांध्यातली सगळी ढील संपवतात. मग त्या टोकावर एक छोटा, वेगवान झटका. सांधा मिलिमीटरच्या अंशाने उघडतो आणि परत मिटतो. २००४ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाठीवर संवेदक चिकटवून आवाज नेमका कुठून येतो ते मोजलं. कमरेत तो ठरवलेल्या सांध्यापासून सरासरी पाच सेंटिमीटर लांबून येत होता, म्हणजे निदान एक मणका सोडून. आवाज आलेल्या आणि न आलेल्या रुग्णांच्या सुधारणेतही फरक नसल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

मग बरं का वाटतं? उत्तर मज्जासंस्थेत आहे. झटक्याने सांध्याच्या पिशवीतले आणि पाठीच्या खोल स्नायूंमधले ताणग्राही एकदम चेततात. त्यांचे संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंतून मेरुरज्जूत पोचतात आणि बारीक, संथ तंतूंतून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना तिथेच अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेला द्वारनियंत्रण सिद्धांत तो हाच. कोपर आपटलं की आपण चोळतो त्यामागेही हेच कारण. त्याशिवाय आखडलेल्या स्नायूंचा प्रतिक्षिप्त ताण काही काळ सैलावतो, मेंदूकडून खाली येणारी वेदनाशामक यंत्रणा जागी होते आणि ‘वाकता येतंय’ या अनुभवाने भीती ओसरते. परिणाम खरा आहे, पण तात्पुरता. त्या मोकळ्या वेळात माणूस चालायला, व्यायामाला लागला तर त्याचं सोनं होतं.

२०१७ साली २६ चाचण्यांच्या आढाव्यात, ताज्या कंबरदुखीत या झटका-उपचाराने १०० पैकी सुमारे १० गुणांनी वेदना कमी झालेली दिसली. २०१९ साली जुनाट दुखण्यावरच्या ४७ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा तो व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच गुणकारी ठरला, सरस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला अटींसह जागा आहे, आणि सरसकट वापरल्या जाणाऱ्या कमरेच्या पट्ट्याला नाही.

चाचण्या इतक्या महत्त्वाच्या का, हे आपल्याकडच्या एका समजुतीवरून कळतं. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची, हे गावाकडेच नाही, मुंबईतल्या चाळींतही चालत आलंय. आणि लोक शपथेवर सांगतात, दुसऱ्या दिवशी उतार पडला. पडणारच. उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप कमी होते, आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी श्रेय त्यालाच मिळतं. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून कोणाच्या लाथेत औषध येत नाही.

कायरोप्रॅक्टिकच्या जन्मकथेतही असाच दावा आहे. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट इथे डॅनियल पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराची पाठ दाबली आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं ते सांगत. त्यावरून त्यांनी बहुतेक सगळे रोग मणके किंचित सरकल्याने होतात असा सिद्धांत उभारला. त्याला आजवर पुरावा मिळालेला नाही. म्हणून दमा, पचन, रोगप्रतिकारशक्ती यांसाठी मणके ‘सेट’ करून देतो म्हणणाऱ्याला, किंवा दुखत नसताना वर्षभराचं पॅकेज विकणाऱ्याला सरळ नाही म्हणा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे, त्यांना नोंदणी क्रमांक विचारता येतो, आणि हाताने सांधे मोकळे करण्याचं शिक्षण त्यांच्यापैकी अनेकांनी घेतलेलं असतं. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे अशी सरकारी परिषद नाही, तेव्हा पदवी कुठली, किती वर्षांची, हे स्वतः विचारावं लागतं.

मुंबईकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: मणक्याचा क्षयरोग. या शहरात टीबीचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि हा रोग फुप्फुसाबाहेर, मणक्यातही होतो. आठवडेच्या आठवडे न हटणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन असं काही असेल तर आधी डॉक्टरकडे जा. पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर तो ढासळून पायांतली ताकद जाऊ शकते. हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांना, कर्करोग होऊन गेलेल्यांना हाच नियम. लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचा. आणि कंबरेसाठी गेलात तर मानेला झटका देऊ देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. ती दुर्मीळ आहेत, पण दुखणाऱ्या कमरेसाठी मानेचा तो धोका पत्करायचं काहीच कारण नाही.