टोमॅटोचा डबा: एक फळ, इतके प्रकार का?

परदेशी दुकानात टोमॅटोच्या डब्यांची अख्खी फळी असते: सोललेले अख्खे, तुकडे, गाळलेला रस म्हणजे पासाता, शिवाय घट्ट लगदा. आपल्याकडे ताजा टोमॅटो बाजारात बारा महिने मिळतो, त्यामुळे डब्यांची ही हौस नवलाची वाटते. इटलीत मात्र ती गरज होती. उन्हाळ्यात एकदम पिकणारं फळ हिवाळ्यापर्यंत पुरवायचं कसं, हा तिथला प्रश्न.

निकोला आपेर या फ्रेंच माणसाने हवाबंद बरण्यांत अन्न टिकवायची रीत 1810 मध्ये छापून प्रसिद्ध केली. फ्रांचेस्को चिरिओने 1856 च्या सुमारास तुरीनमध्ये डबाबंद मटारांचा धंदा मांडला आणि पुढे इटली एक झाल्यावर तो दक्षिणेत पसरवला. टोमॅटो आंबट असल्याने त्याला मटाराइतकी कडक उष्णता द्यावी लागत नाही, उकळत्या पाण्याचं तापमान पुरतं. उत्तरेकडे पार्मा भागात रस आटवून लगदा करण्याचा धंदा वाढला.

डब्यांतला नामवंत म्हणजे सान मार्झानो हा टोमॅटोचा वाण. नेपल्स आणि सालेर्नोच्या मधल्या सार्नो नदीच्या खोऱ्यातला, व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या मातीतला. लांबट, गर भरपूर, बिया कमी, साल पटकन सुटणारी, म्हणजे डब्यासाठीच घडवल्यासारखा. याचं बी 1770 मध्ये पेरूहून नेपल्सच्या राजाला भेट आलं असं सांगतात. ती दंतकथाच समजावी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषाणूजन्य रोगांनी आणि जास्त पीक देणाऱ्या संकरित वाणांनी तो जवळजवळ संपवला. मग जुन्या बियांतून निवड करून तो पुन्हा उभा केला गेला. 1996 मध्ये त्याला युरोपचं 'डीओपी' संरक्षण मिळालं, म्हणजे हे नाव त्याच्या मूळ प्रदेशाशी बांधलं गेलं. त्या नियमात फक्त सोललेले अख्खे टोमॅटो किंवा त्यांच्या लांब फाका बसतात. म्हणून 'सान मार्झानो' लिहिलेला बारीक तुकड्यांचा डबा डीओपी नसतोच. अमेरिकेत तर कॅलिफोर्नियात पिकलेल्या फळाच्या डब्यावरही हे नाव दिसतं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. मेक्सिकन मजुरांना आणण्याची ब्रासेरो योजना 1964 मध्ये बंद झाली आणि शेतकऱ्यांना यंत्राकडे वळणं भाग पडलं. डेव्हिसच्या विद्यापीठात कोबी लोरेन्झेन यांनी तोडणीचं यंत्र केलं, तर जॅक हॅना यांनी त्या यंत्राचा मार सोसेल असा, एकाच वेळी पिकणारा घट्ट वाण. इथे फळच यंत्राच्या मापाने बेतलं गेलं!

स्वयंपाकात जाणवणारा फरक मात्र बहुधा वाणाचा नसतो. तुकड्यांच्या डब्यात अनेकदा कॅल्शियम क्लोराइड घालतात. ते पेक्टिनला, म्हणजे फळाच्या गराला घट्टपणा देणाऱ्या घटकाला, धरून ठेवतं आणि तुकड्यांचा आकार मोडू देत नाही. अशा डब्याचा सॉस तासभर रटरटला तरी कोपरे तसेच राहतात. अख्खे सोललेले हाताने कुस्करून टाकले, की त्यातले बरेचसे लवकर विरघळतात. आधी डब्यावरच्या बारीक अक्षरांत कॅल्शियम शोधावं, वाणाचं नाव नंतर.