सजवलेली रोजनिशी: उसन्या वस्तू आणि ‘ॲसिड-फ्री’चा गुंता

रोजनिशीच्या पानावर आज जे जे चिकटवलं जातं, त्यातलं फारच थोडं रोजनिशीसाठी जन्मलं. मास्किंग टेप मोटारींच्या रंगकामातून आली, रबरी शिक्के कचेरीतून, जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा लेप, चित्रकाराच्या कॅनव्हासवरून, पांढरा गोंद पुस्तकबांधणीतून. नक्षीदार कडेने कापलेली रंगीत चित्रं तर एके काळी केक-मिठाईवर लावली जात. वही सजवणाऱ्यांनी या वस्तू उचलल्या तेव्हा त्यांचे दोषही वहीत आले, आणि ते दिसायला प्रत्येक वेळी दहा-वीस वर्षं गेली. आज एखादं साहित्य चांगलं की वाईट हा वाद ऐकताना हा उशीर ध्यानात ठेवावा लागतो.

जुना भाग थोडक्यात. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन भाषक विद्यापीठांतले विद्यार्थी छोट्या वह्या घेऊन फिरत. मित्र आणि गुरुजन त्यांत सुभाषित लिहीत, सही करत, आणि जवळ पैसे असतील तर चित्रकाराकडून आपलं कुलचिन्ह रंगवून घेत. वाचलेलं उतरवून ठेवण्याच्या टिपणवह्या त्याच सुमाराच्या. त्यांची अनुक्रमणी कशी करावी याची एक पद्धत १७०६ मध्ये इंग्रजीत छापून आली, आणि आजच्या वह्यांतली सुरुवातीची ‘इंडेक्स’ची पानं तिच्याच वळणाची आहेत. पुढे १७६९ मध्ये इंग्लंडमध्ये एक चरित्रग्रंथ आला आणि त्यात छापील व्यक्तिचित्रं आणून लावण्याचं वेडच लागलं. दुसऱ्या पुस्तकांतली चित्रं कापून या पुस्तकात बसवली जात, बांधणी उसवून पानं वाढवली जात. आज ‘टिप-इन’ म्हणून जे शिकवतात, म्हणजे पानाच्या एका कडेला तीन-चार मिलिमीटर खळ लावून नवं पान जोडणं, ते बांधणीकारांचं तेच कसब.

रंगीत छपाईने खरी उलथापालथ केली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं गेलं. त्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतून ठशाने उठाव दिलेली, आकाराबरहुकूम कापलेली चित्रं तावांच्या तावांनी येऊ लागली. एका तावावरची चित्रं कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. पट्टी कापायची आणि चित्र लावायचं. इंग्रजीत या चित्रांना ‘स्क्रॅप’ म्हणत. आपल्या ‘चिकटवही’ या शब्दाने मात्र चित्राऐवजी गोंदाकडे बोट दाखवलं, आणि ते जास्त नेमकं आहे, कारण पुढची बरीच दुखणी गोंदाचीच. १८७३ मध्ये अमेरिकेत एका लेखकाने आधीच गोंद लावलेल्या पट्ट्यांच्या वहीचं पेटंट मिळवलं. पट्टी ओली करायची, कात्रण दाबायचं. सोय मोठी होती, पण दमट हवेत रिकाम्या पट्ट्या समोरच्या पानाला धरत.

याच काळात कागदही बदलत होता. चिंध्यांच्या लगद्याची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. शाई पसरू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळेचं बंधन दिलं जाऊ लागलं. तुरटीतून आम्ल तयार होतं, ते कागदाच्या धाग्यांतल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, आणि पान दुमडलं की कड मोडते. म्हणूनच कित्येकदा १७०० सालची वही शाबूत असते आणि १९०० सालची बोटाला भुगा लावते.

विसाव्या शतकाने चिकटपट्टी दिली: १९२५ मध्ये मास्किंग टेप, १९३० मध्ये पारदर्शक सेलोफेन टेप. पारदर्शक टेपचं नुकसान ठरावीक टप्प्यांनी होतं. रबराचा गोंद आधी पिवळा पडतो, मग मऊ होऊन कागदात झिरपतो, शेवटी कडक होतो. वरची फीत गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा उरतो. तो डाग पाण्याने निघत नाही. १९७० च्या दशकात लोकप्रिय झालेले ‘आपोआप चिकटणारे’ फोटो अल्बम हा याचा मोठा अवतार. पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा, वर प्लास्टिकचं आवरण. वीस वर्षांत रेघा फोटोंच्या पाठीवर पिवळ्या उमटल्या, कित्येक फोटो सुटेचनात. अडकलेला फोटो नखाने उचकटू नये. दात घासायचा बिनचवीचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवला तर बरेच फोटो सुटतात.

‘ॲसिड-फ्री’ हा शब्द कुठून आला

१९८० नंतर अमेरिकेत, आधी युटा राज्यात, घराण्याचा इतिहास जपण्याच्या ओढीतून चिकटवहीची नवी लाट उठली. मोडलेले अल्बम लोकांच्या डोळ्यांसमोर होते. शोध सुरू झाला टिकाऊ साहित्याचा, आणि त्याचं उत्तर ग्रंथालयांकडे होतं. ग्रंथपाल तोवर बरीच वर्षं ठिसूळ होणाऱ्या पुस्तकांशी झुंजत होते. तुरटीऐवजी अल्कधर्मी प्रक्रियेने केलेला कागद त्यांना हवा होता, आणि गिरण्याही तिकडे वळत होत्या. त्या कागदाला ‘ॲसिड-फ्री’ म्हणत. शब्द ग्रंथालयातून उचलला गेला आणि थेट सजावटीच्या पाकिटांवर छापला गेला. घोटाळा सुरू झाला तो इथे.

मूळ अर्थ मोजका आहे: तयार होताना कागदाचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, ७ किंवा त्याहून जास्त (७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी). हा शब्द यापलीकडे काहीच सांगत नाही. हवेतलं आम्ल, शेजारच्या कात्रणातून येणारं आम्ल, कागदाच्या स्वतःच्या म्हातारपणातून तयार होणारं आम्ल, यांपैकी कशाचीही हमी त्यात नाही. ती हमी दुसऱ्या गोष्टीतून मिळते, ‘बफर’मधून, म्हणजे कागदात मुद्दाम घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या शिलकीतून. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात टिकाऊ कागदासाठी पीएच ७.५ ते १०, किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतकी शिल्लक आणि लाकडातल्या लिग्निन या द्रव्यावर कडक मर्यादा, अशा अटी एकत्र आहेत; शिवाय कागद फाटण्याला किती दाद देतो याचीही कसोटी आहे. पाकिटावर मात्र या सगळ्यातला एकच शब्द पोचला.

लिग्निन हा वेगळाच धागा. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य उजेडात पिवळं पडतं. वर्तमानपत्राचा कागद उन्हात दोन दिवसांत रंग बदलतो तो यामुळे. लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्यात पुरेसं कॅल्शियम कार्बोनेट मिसळलं तर कागद ‘ॲसिड-फ्री’ ठरतो आणि तरीही पिवळा पडतो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. घेणाऱ्याने मात्र ‘पिवळं पडणार नाही’ असं वाचलेलं असतं. म्हणून ‘ॲसिड-फ्री’ आणि ‘लिग्निन-फ्री’ हे दोन्ही शब्द एकत्र दिसले तरच कागदापुरतं समाधान मानावं. ‘आर्काइव्हल’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नये. त्याची ठरलेली व्याख्याच नाही.

गोंद, टेप आणि स्टिकर यांच्यावर हाच शब्द छापला जातो तेव्हा त्याचा अर्थ आणखी पातळ होतो. रबराचा गोंद पिवळा पडतो तो हवेतल्या प्राणवायूने. त्याचा पीएच कितीही चांगला असला तरी तो पडणारच. फुगीर, चकचकीत पीव्हीसी स्टिकरांत प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं. ते बाहेर झिरपतं आणि समोरच्या पानावरची बॉलपेनची शाई किंवा लेझर छपाई विरघळवून स्वतःवर ओढून घेतं. पान उघडलं की अक्षरांची उलटी प्रत स्टिकरवर. इथे आम्लाचा संबंधच नाही. अशा स्टिकरसमोर पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचा किंवा साध्या कागदाचा तुकडा ठेवावा. फोटोंशेजारच्या साहित्यासाठी एक कसोटी खरोखर उपयोगी आहे: साहित्य फोटोच्या थराला लावून ७० अंश सेल्सियस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि रंग बदलतो का ते पाहतात. ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ उत्तीर्ण असं लिहिलेलं दिसलं तर त्या चार शब्दांना ‘ॲसिड-फ्री’पेक्षा कितीतरी जास्त वजन द्यावं.

घरी तपासायला पीएच पेन मिळतं. पानाच्या कोपऱ्यात बारीक रेघ मारायची आणि वाळू द्यायची. जांभळी झाली तर कागद उदासीन किंवा अल्कधर्मी, पिवळी राहिली तर आम्लयुक्त. रेघ कायमची राहते, म्हणून शिवणीजवळच मारावी. रंगीत कागदावर निकाल वाचता येत नाही, मुलामा दिलेल्या कागदावर फक्त मुलाम्याचा पीएच कळतो, आणि लिग्निन या पेनाला दिसतच नाही. वर्तमानपत्राचं कात्रण जपायचंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावं. नाहीतर कात्रणाच्या आकाराची तपकिरी सावली समोरच्या पानावर पडते.

टेप परत आली

एवढं सोसूनही टेप वहीत परतली, आणि तीही मास्किंग टेपच. २००६ मध्ये जपानमधल्या काही स्त्रियांनी ओकायामा प्रांतातल्या एका टेप कारखान्याकडे विचारणा केली. रंगकामाच्या टेपचा सजावटीला वापर करून त्यांनी एक पुस्तिका बनवली होती. रंगीत टेप काढाल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हा कारखाना मुळात माश्या पकडायचा चिकट कागद बनवण्यासाठी सुरू झालेला. पुढच्या दोनेक वर्षांत सजावटीची टेप बाजारात आली आणि ‘वॉशी टेप’ हे नाव जगभर झालं. वॉशी म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडांच्या लांब धाग्यांचा पारंपरिक जपानी कागद. या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टेपांत तो नसतो, काही तर निव्वळ प्लास्टिकच्या असतात. ओळखायला सोपं: हाताने आडवी फाडल्यावर कडेला मऊ धागे दिसले तर कागद, ताणून लांबट झाली तर प्लास्टिक.

वॉशी टेपचा गुण म्हणजे तिची सौम्य पकड; लावलेली पट्टी उचलून पुन्हा लावता येते. हा गुण कायमचा नसतो. वर्षानुवर्षं दाबून राहिल्यावर ती साध्या टेपइतकी धरते. काढताना पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून पानाला लगटून सावकाश ओढावी. वर खेचली तर कागदाचा वरचा थर सोबत येतो. टेपवर लिहायचं असेल तर जेल पेन फिसकटतं, तिथे तेलकट शाईचं मार्कर लागतं. जाडीचाही हिशेब ठेवावा. एक पट्टी साधारण ०.१ मिलिमीटरची. शंभर पानांच्या वरच्या कडेला प्रत्येकी एक लावली की तेवढ्याच जागी एक सेंटिमीटर जाडी वाढते, आणि वही पाचरीसारखी उघडी राहते. पट्टीची जागा पानागणिक बदलावी. मोठी सजावट ठरलेलीच असेल तर दर तीन-चार पानांनंतर एक पान शिवणीपासून एक-दीड सेंटिमीटर पट्टी ठेवून कापून टाकावं. पूर्ण उपटलं तर शिवणीत त्याच्या जोडीचं पान सैल होतं.

ठिपक्यांची वही आणि एक न सुटलेला वाद

२०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका डिझायनरने कामांची नोंद ठेवण्याची आपली पद्धत खुली केली. ती अगदी साधी होती: एक वही, एक पेन, ठिपका, फुली, बाण. सजावट तिच्यात नव्हती. वापरणाऱ्यांनी ५ मिलिमीटर अंतराच्या ठिपक्यांवर चौकटी, मथळे, फुलांच्या वेली काढल्या आणि काही वर्षांत ही पद्धत सजावटीसाठीच ओळखली जाऊ लागली. सजावटीने नोंदी मागे पडतात, असा आक्षेप तेव्हापासून आहे. आक्षेपात तथ्य तेवढंच की महिनाभराची पानं आगाऊ रंगवून ठेवली की लिहायला जागा उरत नाही आणि एक रेघ चुकली की अख्खी वही बाजूला पडते. त्यावर उपाय क्रमाचा आहे. आधी मजकूर, मग त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत सजावट. सोळाव्या शतकातल्या सह्यांच्या वह्यांत लिहिणं आणि रंगवणं एकाच पानावर नांदत होतं, तेव्हा ही दोन्ही एकमेकांची वैरी आहेत हे पटण्यासारखं नाही.

शाईचाही क्रम आहे. आधी पेन्सिल, मग पिगमेंट शाईची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईची, जलरोधक बारीक रेघ, ती पाच-दहा मिनिटं वाळल्यावर जलरंग, आणि सगळ्यांत शेवटी जेल पेन. जेलवरून हायलायटर फिरला की काळा ओरखडा उठतो आणि हायलायटरचं टोकही मळतं. ८० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) पानावर पाण्याचा हात लागला की ते कुरकुरीत होऊन सुरकुततं; १२० ला हलका रंग चालतो; अल्कोहोल मार्कर १६० मधूनही आरपार जातो, तेव्हा मागचं पान सोडून द्यावं. गोंद लावताना मधून कडांकडे पसरावा, वर बटर पेपर ठेवून वही वजनाखाली रात्रभर दाबावी. घाईने मिटलेली ओली पानं एकमेकांना चिकटतात आणि सुटताना मजकूर घेऊन सुटतात.

अलीकडे तिकिटं, पावत्या, पाकिटं जमवून ‘जंक जर्नल’ करण्याची पद्धत रुळली आहे. त्यातल्या बहुतेक पावत्या थर्मल कागदाच्या असतात. अक्षरं शाईची नसून उष्णतेने काळं पडणाऱ्या मुलाम्याची असतात. ती काही वर्षांत फिकटतात, प्लास्टिकच्या खिशात किंवा काही गोंदांखाली त्याहून लवकर. शेजारच्या पानावर शिक्क्याला उठाव देणारी पूड वितळवायला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) धरली तर उलटंच घडतं, सगळी पावती काळी होते. अशा पावतीची साध्या कागदावर प्रत काढून ती लावावी, आणि तारीख व ठिकाण पिगमेंट शाईने खाली हाताने लिहावं.