एका कागदावर उभी गाडी

चौदाशे किलो वजनाची एक स्पोर्ट्स कार घ्या. वजन चारही चाकांवर सारखं पडलंय असं धरलं, तर एका चाकाच्या वाट्याला ३५० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. आता भागाकार करा. उत्तर १५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. टायरची बाजूची भिंतही थोडा भार पेलते, त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही, पण अंदाज म्हणून पुरेसा आहे. कोणत्याही क्षणी टायरचा एवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. चारही चाकांचा मिळून ६०० चौरस सेंटिमीटर. प्रिंटरमध्ये घालतो तो ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो.

म्हणजे इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, वळणावर गाडीला आत खेचून धरणारं बळ, हे सगळं एका कागदाएवढ्या रबरातून रस्त्यापर्यंत पोचतं. पकड वाढवायची म्हणून लोक पहिल्यांदा रुंद टायर आणि मोठी रिम बघायला लागतात, तिथेच पहिली गंमत होते. वरच्या भागाकारात टायरची रुंदी कुठे आली? आलीच नाही. भार तोच आणि हवेचा दाब तोच असेल, तर रुंद टायर बसवूनही टेकलेलं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. फक्त त्याचा आकार बदलतो. पूर्वी ते गाडीच्या दिशेने लांबट होतं, आता आडवं पसरतं.

त्यात शाळेतलं भौतिकशास्त्र आणखी एक कोडं घालतं. ॲमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की घर्षण फक्त भारावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. वीट आडवी ओढा की उभी, जोर तेवढाच लागतो. मग शर्यतीच्या गाड्यांना एवढे रुंद टायर कशासाठी?

उत्तर असं की रबर विटेसारखं वागत नाही.

रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी त्यावर खडीचे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर आणखी बारीक उंचवटे. रबर त्यांच्यावर दाबलं जातं आणि त्यांच्याभोवती बसतं. टायर किंचित घसरायला लागला की प्रत्येक खडा रबरात पुढून घुसतो आणि मागून बाहेर पडतो. रबर जर आदर्श स्प्रिंग असतं, तर पुढून दाबताना लागलेला जोर मागून परत मिळाला असता आणि हिशोब शून्यावर आला असता. पण रबर आळशी आहे. दाबलं की दबतं, मूळ जागी यायला मात्र वेळ लावतं. त्यामुळे खड्याच्या पुढच्या बाजूला रबराचा रेटा जास्त आणि मागच्या बाजूला कमी पडतो. या फरकातूनच पकड मिळते, आणि रबराने परत न केलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. याखेरीज रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात आणि पुढे पुन्हा चिकटतात. हा पकडीचा दुसरा भाग. पाण्याचा पातळ थर आला की हे चिकटणं बहुतेक संपतं आणि सारी भिस्त आळशीपणावर येते.

ग्रॉश या संशोधकाने १९६३ मध्ये वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना रबराचं घर्षण मोजून दाखवलं की ते या आळशीपणाशी, म्हणजे शास्त्रीय भाषेत श्यानलवचिकतेशी, थेट बांधलेलं आहे. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे येते. रबराला वेगाने दाबणं आणि रबर थंड करणं यांचा परिणाम सारखाच होतो, दोन्हींमुळे ते कडक होत जातं.

याचा टायरशी काय संबंध? ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेलं, दोन मीटर घेराचं चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा चेपला जातो. या चेपण्यात वाया जाणारी ऊर्जा म्हणजे निव्वळ इंधनाचा खर्च. उलट, टायर सेकंदाला दोन मीटर वेगाने घसरत असेल आणि रस्त्यावरचे उंचवटे एक मिलिमीटर अंतराने असतील, तर रबराला सेकंदाला २,००० धक्के बसतात. तिथे मात्र ऊर्जा जितकी वाया जाईल तितकी आपल्याला हवी, कारण तीच पकड. एकच रबर चौदाच्या ठेक्यावर कंजूष आणि हजारांच्या ठेक्यावर उधळं हवं! टायरच्या रसायनशास्त्रज्ञांचं आयुष्य या एका विरोधाभासावर चालतं. टायरच्या रबरात एरवी मिसळतात त्या काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका मिसळलेले टायर मिशलँ (मिशेलिन) कंपनीने १९९२ मध्ये बाजारात आणले, ते याच कोड्यावरचं एक चांगलं उत्तर होतं.

आता रुंदीकडे परत येऊ. रबरावरचा दाब वाढत गेला की पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून थोडी कमीच भरते. समजायला काल्पनिक आकडे घेऊ. सरळ जाताना पुढच्या दोन्ही चाकांवर ३५०-३५० किलो आहेत आणि घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, १.१, तर एकूण पकड ७७० किलोची. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, बाहेरच्या चाकावर ५५० आणि आतल्यावर १५० किलो येतात. बाहेरच्या टायरचा घर्षणांक ०.९८ पर्यंत उतरला आणि आतल्याचा १.२ झाला, तर बेरीज ७१९. वजन एक किलोनेही बदललं नाही, तरी ५१ किलोची पकड हवेत विरली. रुंद टायर इथे उपयोगी पडतो. तो थोड्या कमी दाबाने चालवता येतो, भार अधिक सारखा वाटून घेतो, आणि उष्णता पसरायला त्याच्याकडे रबरही जास्त असतं. शिवाय आखूड, आडवं टेकलेलं क्षेत्रफळ वळणावर जास्त परिणामकारक ठरतं. म्हणजे रुंदीचा फायदा खरा आहे, पण आपण समजतो त्या कारणाने नाही.

पकड वाढवायला चाकांची संख्या वाढवली तर? तेही करून झालं. टायरेल संघाच्या डेरेक गार्डनर यांनी फॉर्म्युला वनसाठी सहा चाकांची पी-३४ गाडी काढली. पुढे दहा इंची रिमची चार चिमुकली चाकं, मागे नेहमीची दोन. मुख्य हेतू हवेचा अडथळा कमी करण्याचा होता, पण रस्त्याला टेकणारं रबर वाढणं हाही फायदाच. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पुढच्या वर्षी मात्र त्या मागे पडल्या. त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्या छोट्या टायरांचं रबर इतरांइतकं सुधारत गेलं नाही. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

म्हणून टायर निवडताना माझं मत साधं आहे: आधी रबर, मग माप. उन्हाळी स्पोर्ट टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक पडायला लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत तो महागडा टायर साध्या हिवाळी टायरपुढे हरतो. बारमाही टायर सगळीकडे चालतो आणि कुठेच चमकत नाही. ट्रॅकसाठीचे जवळजवळ गुळगुळीत टायर तापले की कमालीचे धरतात, पण थंड असताना, आणि पाण्यात तर विशेषच, ते भरवशाचे नाहीत. टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. ३०० च्या आसपास असेल तर रोजच्या वापराचा स्पोर्ट टायर, २०० असेल तर ट्रॅककडे झुकलेला, १०० किंवा खाली असेल तर जवळजवळ शर्यतीचा. हा आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून ताडून पाहू नयेत.

त्याच भिंतीवर २४५/४० आर १८ ९७ वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं. रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, आत रेडियल बांधणी, १८ इंची रिम, ९७ म्हणजे ७३० किलोपर्यंतचा भार आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेजारचा चार आकडी शिक्का टायरचं वय सांगतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला जुना टायर स्वस्तात मिळाला तर आधी हा आकडा बघावा. ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर नुसतं पडून असलं तरी म्हातारं होत असतं.

मग रिम. मूळ टायर २२५/४५ आर १७ असेल, तर त्याचा व्यास ६३४ मिलिमीटर. त्याच्या जागी २२५/४० आर १८ बसवला तर व्यास ६३७, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ता लागणार नाही. पण रबराची भिंत १०१ वरून ९० मिलिमीटरवर आली आणि धातूचं कडं बाहेर सरकलं. आखूड भिंत कमी वाकते, स्टिअरिंग वळवताच गाडी वळते, आणि चालवणाऱ्याला वाटतं पकड वाढली. वाढलेली असते ती तत्परता. पकडीसाठी उंच, लवचीक भिंत कधीकधी जास्त कामाची असते. ड्रॅग शर्यतीतल्या, म्हणजे सरळ रेषेत सुसाट पळण्याच्या शर्यतीतल्या, गाड्यांचे मागचे टायर सुटताना पार सुरकुतून जातात, ते मुद्दामच.

मोठी रिम बहुधा जडही असते, आणि हे वजन वाईट ठिकाणी असतं. चाक पुढे तर जातंच, शिवाय फिरतंही, म्हणून रिमच्या कडेवरचा एक किलो वेग घेताना दीड किलोसारखा वागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. जड चाक खड्ड्यावरून उसळलं की लवकर परत टेकत नाही, टेकतं तेव्हा आदळतं. रस्त्यावरचा भार असा सतत कमीजास्त झाला की वळणावरच्या उदाहरणातला हिशोब पुन्हा लागू होतो आणि सरासरी पकड घटते. शोभेसाठी वीस इंची रिम बसवलेली छोटी गाडी पाहिली की नाकापेक्षा मोती जड ही म्हण आठवते. ओतीव रिमपेक्षा घडवलेली रिम तेवढ्याच मजबुतीला हलकी करता येते. मी तरी ब्रेकवर बसेल अशी सर्वांत लहान आणि हलकी रिम घेईन. तिची रुंदीही टायरला साजेशी हवी. २४५/४० आर १८ साठी ८ ते ९.५ इंच. अरुंद रिमवर टायर फुगल्यासारखा होऊन वळणावर डुलतो. ऑफसेट (रिम गाडीला जिथे बसते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते अंतर) आणि मधल्या भोकाचं माप चुकलं तर स्टिअरिंग विचित्र ओढतं किंवा थरथरतं, एवढंच सांगून पुढे जातो.

पावसात रुंद टायरचा दोष उघडा पडतो, कारण तेवढ्या रुंदीसमोरचं पाणी बाजूला सारायला वेळ पुरत नाही. नासाचे हॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनी विमानांच्या टायरांवरून एक सूत्र काढलं होतं. ते ३२ पीएसआयला लावलं तर साचलेल्या पाण्यावर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास टायर तरंगायला लागतो. कारच्या टायरच्या खाचा हा वेग वर नेतात, पण खाचा झिजल्या की तो खाली येतो. गंमत म्हणजे थोडा झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर नव्यापेक्षा चांगला धरतो, कारण त्याच्या नक्षीतले रबराचे ठोकळे आखूड असतात आणि कमी हलतात.

ही पकड एकाच बटव्यातली असते हेही ध्यानात घ्यावं. ब्रेक, वळण आणि वेग सगळे त्यातूनच खर्च करतात. हिशोब मात्र साध्या वजाबाकीचा नाही, पायथागोरसचा आहे. वळणासाठी ८० टक्के वापरली तरी ब्रेकसाठी ६० टक्के उरते. पण वळणासाठी सगळीच वापरली असेल, तर ब्रेकला हलका पाय लावला तरी गाडी घसरते.

राहता राहिली हवा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. २० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला की दाब ३८ च्या पुढे जातो. म्हणून रस्त्यासाठी हवा थंड टायरमध्ये मोजायची आणि ट्रॅकवर गरम टायरमध्ये पुन्हा बघायची. दाब जास्त झाला तर मधलाच पट्टा टेकतो, कमी पडला तर कडा झिजतात. ट्रॅकवर त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीपर्यंत, खडूने आडव्या रेघा मारायच्या आणि दोनचार फेऱ्या मारून यायचं. बऱ्याच टायरांवर तिथे एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर आहे. त्याच्या खाली भिंतीवरही पुसला गेला असेल तर टायर फार लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. वर नक्षीजवळच थांबला असेल तर दोन पीएसआय सोडा, रेघा पुन्हा मारा आणि परत ट्रॅकवर जा.