पाणी स्वच्छ झालं आणि लाकूड खाणारे परतले

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये, म्हणजे जुन्या बंदराच्या धक्क्यांवर केलेल्या बागेत, धक्का क्रमांक १ वर चक्क टेकडी आहे. दाट झाडी आहे, दगडी पायऱ्यांवर बसून समोरच्या मॅनहॅटनच्या इमारती न्याहाळायची सोय आहे. जरा दक्षिणेला धक्का क्रमांक २ वर मात्र छताखाली बास्केटबॉल चालतो आणि क्रमांक ५ वर कृत्रिम हिरवळीची सपाट फुटबॉल मैदानं. हा फरक हौसेपोटी केलेला नाही, तो वजनामुळे आला. पहिला धक्का भराव घालून बांधलेला, म्हणून तो टेकडी पेलतो. बाकीचे पाण्यात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहेत, आणि ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड-दोन टन भरतं. मायकेल व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांच्या संस्थेने आराखडा केला खरा, पण कुठे झाड लावायचं आणि कुठे नाही हे बऱ्याच अंशी खालच्या खांबांनीच ठरवलं.

विसाव्या शतकाच्या मध्यात इथे मालवाहू जहाजांची वर्दळ होती. मग कंटेनर आले. कंटेनर ठेवायला लागणारी प्रशस्त जमीन ब्रुकलिनच्या काठावर नव्हती. ती न्यू जर्सीत होती. व्यापार तिकडे गेला, १९८० च्या दशकात हे धक्के ओस पडले, आणि बऱ्याच भांडाभांडीनंतर २०१० मध्ये बागेचा पहिला भाग खुला झाला. पाडलेल्या जुन्या शीतगृहाचं पिवळं पाइन लाकूड बाकांसाठी वापरलं. शंभराहून अधिक वर्षांचं ते लाकूड अजून ठणठणीत आहे. पाण्याखालच्या लाकडाचं तसं नाही.

धक्क्यांखालची ईस्ट रिव्हर नावापुरतीच नदी. ती दोन्ही टोकांना खाऱ्या पाण्याला मिळणारी, भरती-ओहोटीची सामुद्रधुनी आहे. खारं पाणी म्हणजे लाकूड पोखरणारे जीव आलेच. पण विसाव्या शतकाचा बराच काळ शहराचं सांडपाणी थेट या पाण्यात जायचं. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन फस्त करायचे, वर कारखान्यांची रसायनं. अशा पाण्यात पोखरणाऱ्यांची डाळ शिजत नव्हती. घाणीनेच लाकूड जपलं, असं म्हटलं तरी चालेल. १९७२ मध्ये अमेरिकेत जलशुद्धीचा कायदा झाला. १९८६ मध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर नॉर्थ रिव्हरचं आणि १९८७ मध्ये ब्रुकलिनमध्ये रेड हूकचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. ऑक्सिजन वाढला, मासे परतले. त्यांच्या जोडीने टेरेडो आणि ग्रिबल हे लाकूड पोखरणारे जीवही.

टेरेडोला इंग्रजीत जहाजाचा किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांचा भाऊबंद. कोकणातल्या लाकडी होड्यांना छळणारेही याच कुळातले. त्याचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतं आणि मग आतच वाढतं, अगदी फूटभर लांब. शिंपल्याचे दोन इवलेसे तुकडे डोक्यापाशी उरलेले असतात, त्यांचाच तो कानशीसारखा वापर करतो. मागे राहिलेल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर देत जातो. लाकडात नायट्रोजन नगण्य. त्यावर कोणी कसं जगावं? त्याच्या कल्ल्यांत राहणारे टेरेडिनिबॅक्टर टर्नरी हे जिवाणू लाकडातलं सेल्युलोज पचवणारी विकरं (एन्झाइम) पुरवतात आणि पाण्यात विरघळलेला नायट्रोजनही बांधून देतात. म्हणजे डाळीच्या मुळांवरच्या गाठींचं काम इथे कल्ल्यात चालतं. पाणी बिघडलं तर भोकाचं दार लावून हा प्राणी कित्येक दिवस आत तग धरतो. बाहेरून खांब धडधाकट, आत चाळण. थेम्स नदीखालून बोगदा काढणाऱ्या मार्क ब्रुनेलला खोदणाऱ्या मजुरांना माती ढासळण्यापासून वाचवणाऱ्या ढालीची कल्पना याच प्राण्यावरून सुचली असं सांगतात. त्याआधी १७३० च्या दशकात टेरेडोने हॉलंडच्या बंधाऱ्यांचं लाकूड खाऊन डच लोकांना दगड आयात करायला लावलं होतं, ते वेगळंच.

ग्रिबल हा कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. त्याच्या पोटात लाकूड पचवायला जिवाणूही नाहीत. विकरं तो स्वतःच तयार करतो. तो वरच्या थरात भुयारं करतो, लाटा तो भुगा धुऊन नेतात, मग पुढचा थर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात असा खांब कमरेत बारीक होत जातो. चिखलात रुतलेला भाग मात्र सुरक्षित राहतो, कारण तिथे ऑक्सिजन नाही.

यावर उपाय सोपा पण कंटाळवाणा: पाणबुडे गढूळ पाण्यात उतरतात, एकेका खांबाभोवती वेष्टन बसवतात आणि आत काँक्रीट किंवा इपॉक्सीचं मिश्रण भरतात. पोखरणाऱ्यांचा ऑक्सिजन तुटतो, खांबाला बळही मिळतं. पण खांब हजारोंनी आहेत, आणि पाहणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

याचे पैसे कुठून यायचे? शहराने अट घातली होती की बागेने आपला खर्च आपणच भागवावा. म्हणून कडेच्या जमिनीवर निवासी इमारतींना परवानगी दिली. सार्वजनिक बागेत श्रीमंतांचे फ्लॅट कशाला, म्हणून रहिवासी चिडले. क्रमांक ६ च्या धक्क्यापाशी होणारे मनोरे न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१८ मध्ये निकाल बागेच्या बाजूने लागला. त्या वादात बागेच्या कारभाऱ्यांचा एक मोठा मुद्दा होता पाण्याखालच्या खांबांची दुरुस्ती. मला तो मुद्दा पटतो, मनोरे नाही पटले तरी. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनी लोकांना खुल्या करायच्या गप्पा आपण बरीच वर्षं ऐकतोय. त्या नकाशांतही झाडं, सायकलवाट, बाकं सगळं दिसतं. जुन्या धक्क्यांच्या पोटात काय चाललंय आणि ते तपासायला दरवर्षी पाण्यात कोण उतरणार, हे विचारलेलं मी तरी कुठे वाचलेलं नाही.