बा (शब्द)

बा : सोलापूर परिसरात रोज कानावर पडणारा एकाक्षरी शब्द. मराठीत त्याचा अर्थ बाप, कन्नडमध्ये ‘ये’ आणि फारसीतून उर्दूत आलेल्या ‘बा’चा ‘सह’. उच्चार जवळपास एकच, पण मुळे तीन.

मराठी ‘बा’ हा बाप, बाबा यांच्या कुळातला. विठोबा, खंडोबा, बिरोबा, म्हसोबा या नावांच्या शेवटी तोच आहे. शेजारच्या गुजरातीत मात्र ‘बा’ म्हणजे आई. कस्तुरबा गांधींना लोक ‘बा’ म्हणत ते त्यामुळेच. रोजच्या मराठी बोलण्यात नाते गळून पडते आणि सूर तेवढा उरतो. ‘मला नाही बा जमायचं’ यात कुणाला हाक नसते. ‘असेल बा’ म्हणणारा वाद सोडून देत असतो. अशा ‘बा’ची पादपूरक, म्हणजे नुसता जागा भरणारा शब्द, म्हणून बोळवण करणे अन्यायाचे आहे, कारण नकाराची धार तोच बोथट करतो.

कन्नड ‘बा’ हे आज्ञार्थी क्रियापद. सोलापुरात कन्नड जुनी आहे : बाराव्या शतकातल्या संत सिद्धरामेश्वरांची वचने याच भाषेत आहेत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागांत ती आजही घरची भाषा आहे. शब्दारंभीच्या मूळ द्राविडी ‘व’चा कन्नडमध्ये ‘ब’ झाला. म्हणून तमिळ ‘वा’, कन्नड ‘बा’. चांदीलाही तमिळमध्ये ‘वेळ्ळी’, कन्नडमध्ये ‘बेळ्ळी’. मुलाला ‘बारो’, मुलीला ‘बारे’, वडीलधाऱ्यांना ‘बर्री’ म्हणतात.

‘इकडं ये बा’ आणि ‘इल्ली बा’ ही वाक्ये शेजारी ठेवली की गंमत कळते. दोन्हींचा आशय तोच, शेवटही तोच. पण मराठीतला ‘बा’ काढला तर फक्त आर्जव जाते. कन्नडमधला काढला तर क्रियापदच जाते आणि ‘इथे’ एवढेच उरते.

निरोप देताना नुसते ‘जा’ म्हणू नये, हा संकेत भाषांच्या सीमा ओलांडतो. मराठी घरात ‘जाऊन ये’, कन्नड घरात ‘होगी बा’, तर पद्मशाली विणकरांच्या तेलुगू घरात ‘पोयी रा’.

फारसी ‘बा’ एकटा येत नाही, शब्दाला पुढून जोडला जातो : बाअदब, बाइज्जत, बाकायदा. त्याचा विरोधी ‘बे’. मराठीत ‘बेकायदा’, ‘बेइज्जत’ पक्के रुळले. ‘बाइज्जत’ मात्र उर्दू-हिंदीतच जास्त ऐकू येतो.