सिग्नलला थांबली की गाडी बंद पडते? ‘स्लो’ वाढवून घेण्याआधी हे वाचा

(जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांसाठी, आमच्या गॅरेजतर्फे)

मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, क्वचित एखादी जिवापाड जपलेली प्रीमियर पद्मिनी. पुण्यातल्या आमच्या गॅरेजात अशा गाड्या अजून नेमाने येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. “चालताना मस्त चालते हो, पण सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की बंद पडते.” पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, “जरा स्लो वाढवून द्या ना.”

स्लो म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो वेग. तो वाढवायला कार्बोरेटरवरचा एक स्क्रू फिरवायचा, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मिनिट पुरतं. त्या दिवसापुरती गाडी बंद पडायची थांबतेही. तरी आम्ही आल्या आल्या तो स्क्रू फिरवत नाही. त्यामागचं कारण तुम्हाला कळलं, तर दोष शोधायला आम्हाला तुमची मोठी मदत होईल.

स्लोवर इंजिनात काय चालू असतं

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्बोरेटरमधली (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बनवणाऱ्या भागातली) थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते. एका बारीक फटीतून हवा जाते, स्लो जेटच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल येतं आणि तेवढ्यावर इंजिन मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेरे घेत राहतं. मारुती ८०० ला सिलिंडर तीनच. प्रत्येकात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणून ८५० फेऱ्यांना तिन्ही मिळून मिनिटाला १२७५ ठिणग्या कामी येतात, म्हणजे सेकंदाला एकवीस. त्यातला एक सिलिंडर ढिला पडला की एक तृतीयांश ताकद गेली. रस्त्यावर वेगात असताना गाडीचा जोर ती उणीव झाकून नेतो, पण उभ्या गाडीत झाकायला काहीच नसतं.

हवेच्या गळतीचंही तसंच. पातेलंभर आमटीत चमचाभर पाणी पडलं तर कळत नाही, वाटीभर आमटीत लगेच कळतं. वेगात इंजिन भरपूर हवा ओढतं, तेव्हा एखाद्या फुटक्या नळीतून शिरणारी जास्तीची हवा त्याच्या खिजगणतीतही नसते. स्लोवर मात्र तेवढीच हवा मिश्रण पातळ करून इंजिन बंद पाडते. म्हणून “चालताना मस्त चालते” यावरून इंजिन निरोगी आहे असं ठरत नाही.

आता स्क्रू फिरवल्यावर काय होतं ते बघा. थ्रॉटलची चकती थोडी उघडते आणि तिच्या वर असलेली बारीक भोकं मोकळी होतात. ती खरं तर ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात होते त्या क्षणासाठी ठेवलेली असतात. पेट्रोल आता तिथून यायला लागतं. चोंदलेला स्लो जेट चोंदलेलाच राहतो, फुटलेली नळी फुटलेलीच राहते. काही आठवड्यांनी गाडी पुन्हा बंद पडू लागते, पुन्हा स्क्रू फिरतो. मग चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार सेकंद डुगडुगत राहतं, पेट्रोल जास्त लागतं, आणि कात्रज किंवा खंबाटकी उतरताना पाय काढल्यावर इंजिन गाडीला जेवढं धरायला हवं तेवढं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. अशा जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणीही स्लोवरच होते. भारत स्टेज २ या प्रदूषणाच्या निकषाच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना फक्त अर्धा टक्का. दोष ठेवून नुसता स्क्रू पिळलेली गाडी तिथेही अडकू शकते.

कधी बंद पडते, हे आम्हाला नीट सांगा

यंत्र लावण्याआधी आम्ही प्रश्न विचारतो, आणि निम्मं निदान बहुतेकदा तिथेच होतं. सकाळी थंड असताना बंद पडते आणि दहा मिनिटांनी सुधारते, तर चोककडे, म्हणजे थंड इंजिनाला घट्ट मिश्रण देणाऱ्या झडपेकडे, आधी बघायचं. उलट, तासभर चालून तापल्यावर बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलं की मुकाट सुरू होते, तर ठिणगीची वीज बनवणारी कॉइल किंवा ती एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तापून दगा देत असावं. तापल्यावर बंद पडून पेट्रोलचा वास येत असेल, तर गोष्ट वेगळी. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठरावीक पातळीला रोखणारी फ्लोटची पिन नीट बसत नसते आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असतो.

ब्रेक दाबल्यावरच बंद पडते का? हा प्रश्न बहुतेकांना अजब वाटतो. पण ब्रेकच्या बूस्टरला इंजिनातूनच व्हॅक्यूम मिळतो. बूस्टरचा पडदा किंवा त्याची जाड नळी फाटली असेल, तर ब्रेक दाबताच बाहेरची हवा इंजिनात शिरते. याची एक चाचणी तुम्ही घरीच करू शकता. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबून पेडल कडक होऊ द्या. पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर किंवा नळी तपासावी लागेल, आणि तो प्रश्न मग नुसत्या स्लोचा राहत नाही, तुमच्या ब्रेकचा असतो. अशी गाडी चालवत आणू नका, आम्हाला बोलवा.

एसी लावल्यावरच बंद पडत असेल, तर एसीच्या वेळी फेरे वाढवणारा छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या बघायच्या. पावसातच त्रास होत असेल तर हाय-टेन्शन वायरी (प्लगला वीज नेणाऱ्या) आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप. पावसाळ्यात दमट रात्री गॅरेजातले दिवे मालवून आम्ही बॉनेट उघडतो. वायर फुटकी असेल तर तिच्या अंगावर निळी ठिणगी नाचताना स्वच्छ दिसते. ज्यांनी ती एकदा पाहिली, त्यांनी नवीन वायरींच्या खर्चाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

आमचा क्रम

आधी इंजिन, मग ठिणगी, मग हवा आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. बाहेर बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, आणि एके काळी आमचाही उलटा होता. काही वर्षांपूर्वी एका झेनचा कार्बोरेटर आम्ही दोनदा उघडला, किट बदललं, जेट धुतले, मालकांना दोनदा हेलपाटा पडला. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं तेव्हा एका सिलिंडरचं खूपच कमी निघालं. एक्झॉस्टचा एक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, इतका टाइट होता की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. टॅपेट सेटिंग केल्यावर गाडी शांत झाली. सुदैवाने व्हॉल्व्ह जळला नव्हता. कार्बोरेटरच्या कामाचे पैसे आम्ही त्यांना परत दिले, आणि तेव्हापासून कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावत नाही.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर प्लग, वायरी, कॅप, रोटर आणि टायमिंग बघतो. पद्मिनीसारख्या पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचा गॅप आणि कंडेन्सरही. चालू इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून बघतो. ज्याची तोडल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हे घरी करू नका, झटका जोराचा बसतो.

मग व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतं ते मोजणारं काट्याचं साधन. आम्हाला विचाराल तर जुन्या गाडीसाठी याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं साधन नाही. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर साधारण १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे दीड-दोन इंच कमीच दिसणार, तो दोष समजायचा नाही. काटा खाली पण स्थिर असेल तर हवा कुठून तरी शिरते आहे किंवा टायमिंग मागे आहे. काटा ठरावीक तालात टिचकी मारल्यासारखा खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक त्यांची १९९७ सालची मारुती ८०० घेऊन आले. तीन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून झाला होता आणि चौथ्या ठिकाणी नवाच घ्यायला सांगितलं होतं. आमच्या गेजचा काटा बारा इंचांवर स्थिर उभा होता. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना मिश्रण पोचवणाऱ्या नळकांड्याच्या) मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो अशा जागी, न वापरलेल्या एका नळीच्या तोंडावर रबरी टोपी असते, पेनच्या टोपणाच्या टोकाएवढी. ती उष्णतेने वाळून उभी चिरली होती. आमच्या मुलाने त्या चिरेवर अंगठा दाबला आणि डगमगणारं इंजिन त्या क्षणी समेवर आलं. अंगठा काढला, पुन्हा डगमगलं. काकांनी स्वतः वाकून दोन-तीनदा अंगठा लावून पाहिला. टोपी बदलली, आधी तीन ठिकाणी पिळून ठेवलेला स्लोचा स्क्रू पुन्हा मागे घेतला, आणि गाडी गेली.

कार्बोरेटरपर्यंत पोचलोच, तर पहिली गोष्ट म्हणजे फ्युएल-कट सोलेनॉइड. ज्या कार्बोरेटरला तो असतो, तिथे चावी बंद केली की तो स्लोचं पेट्रोल तोडतो. तोच बिघडला किंवा त्याची वायर सुटली, तर चावी चालू असतानाही स्लोचं पेट्रोल बंद राहतं आणि गाडी फक्त रेस देऊनच चालते. शांत जागी इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. कार्बोरेटरपाशी ‘टक्’ असा बारीक आवाज यायला हवा. आला नाही तर तेवढं आम्हाला सांगा. सोलेनॉइड ठीक असेल तरच स्लो जेट, फ्लोटची पातळी आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग.

एमपीएफआय गाड्या

२००० च्या सुमारास मारुती ८०० ला एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आलं, आणि त्या गाड्याही आता जुन्याच म्हणायच्या. त्यांच्यात स्लोचा स्क्रू पिळायचाच नसतो, स्लो कॉम्प्युटर ठरवतो. बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीवर काळं कार्बन साचलेलं असतं किंवा स्लोची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह अडकलेला असतो. साफसफाईने काम होतं. चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर बॅटरी काढून तो घालवू नका, त्या नोंदी आम्हाला वाचायच्या असतात.

नवं पेट्रोल आणि सीएनजी

“इथेनॉलमुळे होतंय का?” हे हल्ली रोज विचारलं जातं. आमचं प्रामाणिक मत असं की इथेनॉल दोष उघडा पाडतं, पण एकटं क्वचितच गाडी बंद पाडतं. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून मिश्रण थोडं पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी ते बऱ्याच अंशी सांभाळून घेते, कार्बोरेटरला ती अक्कल नसते. आधीच हवा गळत असेल तर स्लोवर ती आता सहन होत नाही. दुसरं म्हणजे, हे मिश्रण हवेतलं पाणी शोषतं. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत, त्यातून पावसाळा, म्हणजे तळाशी पाणी साचायला निमित्तच. जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही त्याने लवकर खराब होतात. गाडी फार चालत नसेल तरी आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं रस्त्यावर काढा, आणि पेट्रोलच्या नळ्या एकदा नव्या मिश्रणाला चालणाऱ्या घालून घ्या.

सीएनजी किट असलेल्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं गॅसवरच चालवल्या की कार्बोरेटर आतून कोरडा पडतो, पडदे कडक होतात, आणि मग पेट्रोलवर स्लो धरतच नाही. रोज निदान सुरुवातीचे चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आणताना सांगा, गॅसवर बंद पडते, पेट्रोलवर पडते, का दोन्हीवर.

घाटात बंद पडली तर

हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला वाचून दाखवा. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक लागण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो पंपासारखा हापसून घालवू नका. एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या. पेडल कडक झालं तरी ब्रेक लागतो, पाय जास्त जोरात दाबावा लागतो एवढंच. चालत्या गाडीत चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. उतारावर बंद पडेल या भीतीने न्यूट्रल करून उतरणं तर अजिबात नको.

आणखी एक विनंती. हवा कुठून शिरते ते शोधायला काही जण चालू, गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर शिंपडतात. यातून आग लागते. आमच्याकडेही हे करत नाहीत, तुमच्याकडे कोणी करत असेल तर थांबवा.

गाडी आणताना

येण्याआधी काही बदलू नका, साफ करू नका, आणि कोणी स्क्रू फिरवले असतील तर न संकोचता सांगा. थंड असताना बंद पडणारी गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट आम्ही मारू. तापल्यावर पडणारी असेल तर तासभर वेळ काढून या आणि शेजारी बसून आम्हाला तुमच्या नेहमीच्या रस्त्याने न्या. कोणताही पार्ट घेण्याआधी आम्ही फोन करू, आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून पुढच्या सीटवर ठेवलेला असेल.