गच्चीवरून तेजोमेघाचा फोटो: स्टार ट्रॅकर घेणाऱ्यांसाठी

स्टार ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र. पहिलं लक्ष्य मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग), म्हणजे एम ४२, ठेवा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. जानेवारीअखेर रात्री साडेनऊ-दहाला पुण्यातून तो जवळपास ६६ अंश उंचीवर असतो, म्हणजे क्षितिजालगतच्या उजेडाच्या बराच वर.

खाली दिलेले आकडे २०० मिमी लेन्स आणि एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी आहेत. या जोडीत एक पिक्सेल म्हणजे आकाशातले सुमारे ४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, त्यामुळे ट्रॅकर नसेल तर तारे दर सेकंदाला जवळपास चार पिक्सेल ओढले जातात.

ध्रुवतारा

ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच उंच असतो: पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस. एवढ्या खाली तो शेजारच्या इमारतीआड सहज जातो, म्हणून गच्चीची जागा दिवसाच बघून ठेवा. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला करा, कारण कॅमेऱ्याचं वजन त्याच बाजूला झुकतं. होकायंत्रावर फार विसंबू नका, स्लॅबमधल्या सळया सुई फिरवतात.

ध्रुवतारा ट्रॅकरच्या छोट्या ध्रुव-दुर्बिणीतल्या क्रॉसवर मधोमध आणू नका. खरा ध्रुव त्याच्यापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे. मोबाइल ॲप दाखवेल त्या जागी, दुर्बिणीतल्या वर्तुळावर ध्रुवतारा ठेवा. मधोमध ठेवलात तर एका मिनिटाच्या फोटोत तारे अडीच पिक्सेलपर्यंत लांबतात. कॅमेरा बसवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. वजनाने पाया जरासा हलतोच.

फोटो

रॉ फॉरमॅट, एफ/४, आयएसओ ८००, ६० सेकंद. लेन्सचं स्टॅबिलायझर बंद. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मध्याच्या पुढे गेला तर ३० सेकंदांवर या. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून ठळक ताऱ्यावर लावा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. गारवा वाढला की फोकस सरकतो, तासाभराने पुन्हा बघा.

किमान ६० फोटो घ्या. दुप्पट स्वच्छ चित्र हवं असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो, याला पळवाट नाही. तेजोमेघाचा गाभा जळून पांढरा पडतो, त्यासाठी ५ सेकंदांचे २० फोटो वेगळे घ्या. शेवटी लेन्सला झाकण लावून ६० सेकंदांचे २० डार्क (सेन्सरचे दोष वजा करायला), आणि फोकस न हलवता लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून टॅबलेटच्या उजेडात २० फ्लॅट (कडांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायला). या सगळ्या फोटोंची एका चित्रात जोडणी सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये करा, दोन्ही फुकट आहेत.

फिल्टर लगेच घेऊ नका

आम्ही तो विकतो, तरी सांगतो. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो. पण साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा लाल बराचसा अडवते. मॉडिफाय केलेल्या (ती काच काढलेल्या किंवा बदललेल्या) कॅमेऱ्यावर मात्र तो पैसे वसूल करतो. कृत्तिकेभोवतीच्या निळ्या धुक्याला तो उपयोगाचा नाही; ते ताऱ्यांच्या परावर्तित उजेडाने चमकतं.

नेहमीच्या तक्रारी

ट्रॅकर चालू असूनही लांब रेघा येतात: गोलार्धाचं बटण दक्षिणेवर राहिलंय, ट्रॅकर उलटा फिरतो आणि रेघा दुप्पट होतात.

मध्येच थांबतो: ट्रॅकर वीज इतकी कमी ओढतो की काही पॉवर बँक स्वतःच बंद होतात. डिसेंबर-जानेवारीत लेन्सला दव-पट्टी (दव धरू नये म्हणून लेन्स कोमट ठेवणारी पट्टी) लागतेच; ती त्याच पॉवर बँकेवर लावा, दोन्ही प्रश्न सुटतात.

ओली लेन्स तशीच बॅगेत बंद करू नका, बुरशी धरते.